हिरव्या गाडीची दोन गिऱ्हाइकं

आमच्या घरात काळजी वाटेल असं कुणी कुणाला काही सांगत नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते "जरा चष्म्याचा नंबर बघून येतो" म्हणून गेले आणि डोळ्याला पट्टी बांधून परत आले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी एका विषयात गचकले होते, हे घरी कळलं तिसऱ्या वर्षी, वर्गात पहिली आल्यावर. आई तर स्वतःला ताप आला की थर्मामीटरच लपवते. माझ्या नवऱ्याला ही पद्धत अजून उमगलेली नाही. तो पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, सहा-सहा महिने बाहेर असतो. फोनवर मी "मजेत" म्हटलं की त्याला ते खरंच वाटतं.

एवढं सांगून ठेवलेलं बरं, कारण दुसऱ्या कुठल्याही घरात ही गाडीची गोष्ट दोन दिवसांत आटपली असती.

गाडी मला हवी होती. चैन म्हणून नव्हे. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि मी काम करते ती पाणी तपासणीची प्रयोगशाळा शहराबाहेर, धरणाच्या अलीकडे आहे. तिकडून सुटणारी बस मला पाळणाघरापाशी सोडते पावणेसहाला. पाळणाघर बंद होतं साडेपाचला. पाळणाघराच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाच पस्तीसला मी मूल घेऊन फाटकाबाहेर उभी असते. आणि मग मी आईशी बोलत नाही."

पण खरं कारण हेही नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ठमीच्या, म्हणजे माझ्या दहा महिन्यांच्या लेकीच्या, श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिला घेऊन मी फुटपाथवर चाळीस मिनिटं टॅक्सीची वाट बघत उभी होते. डॉक्टरांनी वाफ दिली, औषध दिलं, अर्ध्या तासात बाईसाहेब डॉक्टरांचा स्टेथोस्कोप चघळत बसल्या. ती ते विसरलीसुद्धा. मी मात्र मनाने अजून त्या फुटपाथवरच उभी होते. रजा संपायच्या आत, भरवशाची, बोलावल्याबरोबर सुरू होणारी गाडी. एवढंच मागणं होतं. आणि आकडा ठरलेला होता, त्याच्या वर एक पैसा जाणार नव्हता.

जुनी गाडी बघायला बाबांना बरोबर न्यायचं ठरलं. बाबांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. त्यांच्याकडे एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आहे. त्याचं टोक मशिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठला दात झिजलाय ते त्यांना ऐकू येतं. गाडी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही, पण "यंत्र ते यंत्र" असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे माझी वही होती. त्रेचाळीस प्रश्न. सतरावा: बाळाची खुर्ची नीट बसते का. एकतिसावा: गाडी का विकताय, हे सांगताना माणूस कुठे बघतो.

पेट्रोलपंपामागे पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचा एक दलाल बसतो. त्याचं नाव आम्ही एकहाती ठेवलं, कारण त्याची प्रत्येक गाडी एकहाती वापरलेली होती.

"ही डॉक्टरांची. एकहाती. ती पलीकडची, तीपण डॉक्टरीणबाईंची."

"एवढ्या डॉक्टरांनी गाड्या विकल्या," बाबा म्हणाले, "मग ते दवाखान्यात जातात कसे?"

"नव्या घेतल्या ना काका."

"चालू करा."

एकहातीने गाडी चालू केली. बाबांनी एक खोका उलटा केला, त्यावर बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"काका, बघा की. काय मस्त चालतेय."

"दहा मिनिटं जाऊ द्या. यंत्र पहिली दहा मिनिटं पाहुण्यांसमोर वागल्यासारखं वागतं. मग स्वभावावर येतं."

सहाव्या मिनिटाला गाडी स्वभावावर आली. बाबांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले. अशा पाच गाड्या झाल्या. पाचवीच्या वेळी एकहातीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की गाडी घ्यायची आहे ना? की काकांना नुसतं फिरवून आणलंय?"

परत येताना बाबा म्हणाले, "आपल्या आकड्यात भरवशाची गाडी मिळायची नाही. वर्षभर थांब."

"आणि तोवर?"

"बस आहे की."

"हो, बस आहेच," मी म्हटलं. "काही अडत नाही माझं."

आता हे दोघांचंही धादांत खोटं होतं. मी बसचा विचारही करणार नव्हते, आणि बाबांनी, हे मला पुढे कळलं, त्याच क्षणी ठरवलं होतं की आपणच गाडी शोधायची आणि पोरीच्या दारात आणून उभी करायची. मला शोधाचा त्रास नको म्हणून ते बोलले नाहीत. त्यांना उन्हातान्हात वणवण नको म्हणून मी बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी पाळणाघराच्या सूचनाफलकावर मला एक कागद दिसला. अक्षर असं की पट्टी लावून लिहिल्यासारखं. "गाडी विकणे आहे. रंग हिरवा. फोनवर घासाघीस करू नये. दुपारी दोन ते चार झोप."

ती गाडी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. गल्लीत सगळे त्यांना अजून मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मला अंगणात खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझी वही बघून समोर हात पसरला. मी निमूटपणे वही दिली. त्यांनी त्रेचाळीस प्रश्न वाचले, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "प्रश्न बरे आहेत. पण आधी मी विचारणार. गाडी कशाला हवी?"

मी सांगितलं. पाळणाघर, बस, सगळं. फुटपाथसुद्धा. आईला जे सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "ही गाडी आमच्या ह्यांची. ती मी चांगल्या हाती देणार. पैशाचा प्रश्न नाही, आकडा मी लावलाय तो लावलाय. पण एक सांगते, मला किरकिरे लोक आवडत नाहीत. तक्रारखोर मुलाला मी कधी वर्गप्रमुख केलं नाही."

आकडा आमच्या आकड्यापेक्षा चक्क थोडा खालीच होता. चादरीला इलॅस्टिक शिवून केलेलं आवरण त्यांनी काढलं आणि मी गाडीच्या प्रेमात पडले. फळ्यासारखी हिरवी, स्वच्छ, आत लिंबाचा वास. चक्कर मारायला निघालो तेव्हा मोठ्या बाई पर्स मांडीवर घेऊन मागे बसल्या. "इंडिकेटर दिलास. छान," असं प्रत्येक वळणावर म्हणत होत्या. गाडी लोण्यासारखी चालली.

परत आल्यावर सतरावा प्रश्न तपासायचा म्हणून मी मागच्या सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून बघितला. एरवी तो इतका कुणी ओढत नाही. अगदी टोकाशी एक तपकिरी रेघ होती. आडवी, सरळ. चहा सांडला असेल, मी मनात म्हटलं. आणि पट्टा सोडून दिला. मोठ्या बाई बघत होत्या, आणि मला वर्गप्रमुख व्हायचं होतं.

"घेते मी," मी म्हटलं.

"थांब. आणखी एकजण आहेत. सकाळी येऊन गेले. गृहस्थ चांगले वाटतात."

"कोण?"

"मी एका मुलाचे गुण दुसऱ्याला सांगत नाही."

घरी येऊन आईला फोन केला. पोटात काही राहत नव्हतं. आई म्हणाली, "हिरवी?" आणि मग इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला.

"आई?"

"रंग बरा आहे," आई म्हणाली.

"बाबांना बोलू नकोस हं. उगाच काळजी करत बसतील."

"नाही बोलत. मला कुणी बोलू नको म्हटलं की मी बोलत नाही."

पुढचे दहा-बारा दिवस मी संध्याकाळी एक दिवसाआड मोठ्या बाईंकडे जात राहिले. गाडीला विसरू नयेत म्हणून. मोठ्या बाई गुण सांगत नसत, पण वर्तन सांगत.

"ते गृहस्थ म्हणत होते," त्या म्हणाल्या, "तान्ह्या मुलांच्या आयांच्या हाती गाडी देऊ नका. सीटवर बिस्किटांचा चुरा, दुधाचे डाग, आणि बाईचं लक्ष सगळं मागे. महिन्याभरात क्लचची वाट."

माझ्या कानशिलापाशी काहीतरी तडतडलं. "वय काय त्यांचं?"

"सत्तरीच्या आसपास."

"मग या वयात कशाला गाडी त्यांना? असे लोक गाडी चालवत नाहीत बाई, नुसती पुसतात. आणि डोळ्यांनी नीट दिसतं का? तुमच्या ह्यांची गाडी कुठल्या तरी खांबावर जाईल."

मोठ्या बाईंनी हे नीट ऐकून घेतलं. दोन दिवसांनी गेले तर म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं तू काय म्हणालीस ते."

"मग?"

"फार लागलं त्यांना. म्हणाले, त्या बाईंना सांगा, मी अजून सुईत एका झटक्यात दोरा ओवतो. आणि पोरीला शिस्त लावली नाही कुणी, असंही म्हणाले."

"माझ्या वडिलांवर घसरले?" मी म्हटलं. "सांगा त्यांना, माझे वडील त्यांच्यासारखे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढत हिंडत नाहीत."

सुई आणि दोरा या शब्दांवर कुठल्याही शहाण्या बाईला शंका आली असती. मी रोज नमुन्याच्या बाटलीत केसाएवढी घाण शोधते, पगार त्याचाच घेते. पण रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात ते मी अंगणात खुर्चीत बसून सिद्ध करत होते.

रजेचा शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. सकाळीच मोठ्या बाईंचा फोन. "आज पाच वाजता ये. त्यांनाही बोलावलंय. समोरासमोर बसून ठरवू. मागून बोलणं मला पसंत नाही." बारा दिवस इकडचं तिकडे त्याच पोचवत होत्या, पण हे त्यांना सांगणार कोण?

ठमीला कडेवर घेऊन मी पाचला पाच मिनिटं कमी असतानाच पोचले. म्हटलं, बघू दे त्या म्हाताऱ्याला, कुणाच्या तोंडची गाडी पळवतोय ते. मनात दोन-तीन वाक्यं घोळवून ठेवली होती.

फाटक वाजलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेले केस, काखेत हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.

ठमीने दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेप टाकली. मी तिला वरच्या वर धरलं.

"तू इथं काय करतेस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही इथं काय करताय?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ओळख आहे का तुमची?"

"हे माझे वडील."

"अस्सं," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे शिस्त लावली नाही ती तुम्हीच."

बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मला काय माहीत ही आहे ते? मी बाईंचं मशिन दुरुस्त करायला आलो होतो. शेडमध्ये गाडी दिसली. म्हटलं, पोरीच्या दारात नेऊन उभी करू."

"तुम्ही तर वर्षभर थांब म्हणालात. बस आहे म्हणालात."

"तूच म्हणालीस काही अडत नाही."

"अडत नाही कसं? सोमवारी हजर व्हायचंय मला."

"मग तसं सांगायचं."

"तुम्हाला काळजी नको म्हणून नाही सांगितलं."

"मग मीही तेवढ्यासाठीच नाही सांगितलं," बाबा म्हणाले.

"एकेकाने बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

"बिस्किटांचा चुरा म्हणालात तुम्ही मला."

"आणि मी खांबावर घालणार म्हणालीस. मला. ज्याने तुला सायकल शिकवली."

"तुम्हाला माहितीये, या गाडीसाठी मी काय काय पोटात घातलं? त्या मागच्या पट्ट्यावर एवढा मोठा डाग आहे, तरी बोलले नाही. बाई किरकिरी समजतील म्हणून."

बाबा थांबले. "कसला डाग?"

"चहाचा."

"पट्ट्यावर कुठे?"

"शेवटी. पार ओढला की दिसतो. आडवी रेघ."

बाबा गाडीपाशी गेले. मागचं दार उघडून त्यांनी पट्टा ओढला, ओढतच राहिले आणि रेघेवर बोट ठेवलं. मग खाली वाकून सीटच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक खरवडलं. तांबूस भुकटी पडली.

"हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं," ते हळूच म्हणाले. "सीटखालचे स्क्रू गंजलेत. बाकी सगळं चकचकीत आणि तेवढेच गंजलेले. म्हटलं दमट हवा असेल, तेल घालू. बाईंना बोललो नाही. पुढे तर ती दुसरी बाई गाडी पळवेल अशी भीती."

मी ठमीला मोठ्या बाईंच्या मांडीवर दिलं आणि जाऊन बघितलं. रेघ चहाची नव्हती. वाळलेल्या गाळाची होती. दिवसभर गढूळ पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईने गाळाला चहा म्हटलं होतं, आणि चाळीस वर्षं गंजाशी भांडलेल्या माणसाने गंजाला दमट हवा. पट्टा आत गुंडाळलेला असताना ती रेघ येते कुठे, हे आम्ही दोघांनी मापून बघितलं. सीटच्या बैठकीच्या वर चार बोटं.

"गाडी पाण्यात उभी होती," बाबा म्हणाले. "इथपर्यंत. आतली सगळी वायरिंग भिजली असणार. आज चालेल, उद्या चालेल, आणि एक दिवस पुलावर मधोमध बंद पडेल."

पुलावर मधोमध. माझ्या डोळ्यांसमोर मागे ठमी आणि पुढे बंद पडलेली गाडी आली.

मोठ्या बाई उठल्या नाहीत. ठमीने त्यांच्या चष्म्याची काडी पकडली होती, तीही सोडवली नाही. मग त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"आत्या, बोल," पलीकडून एका बाप्याचा आवाज आला.

"बसला आहेस का?"

"हो."

"उभा राहा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हा भाचा पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, बँकेत अधिकारी. तीन वर्षांपूर्वी महिनाभर त्याने गाडी नेली होती आणि "धुऊन आणली" म्हणून परत दिली होती.

"कुठे धुतलीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

पलीकडून तळघरातलं पार्किंग, पाण्याची मोठी लाइन फुटली, रात्रभर कळलंच नाही, काकांना वाईट वाटलं असतं, असं तुटक तुटक बाहेर आलं. "तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं, आत्या."

मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"बस खाली," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग आमच्याकडे वळल्या. "मी तुम्हाला तक्रार करू दिली नाही. चूक माझी. ही गाडी आता विकायची नाही. उद्या दहा वाजता तयार राहा."

बसस्टॉपवर बाबांनी ठमीला घेतलं. मी आईला फोन लावला. सगळं ऐकून आई म्हणाली, "झालं का एकदाचं?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ह्यांनी सकाळी सांगितलं, हिरवी, मुख्याध्यापिकाबाईंची. तू संध्याकाळी सांगितलंस, हिरवी, मुख्याध्यापिकाबाईंची."

"मग बोलायचं नाही?"

"तू म्हणालीस बोलू नकोस. ते म्हणाले बोलू नकोस. माझा जीव नुसता वरखाली होत होता बारा दिवस. पण तुम्हाला काळजी नको म्हणून मी तेही बोलले नाही."

रविवारी दहाला मोठ्या बाई रिक्षा घेऊन हजर. त्यांनी आम्हाला एका ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात नेलं. मालक त्यांचा जुना विद्यार्थी, पोट सुटलेला, टक्कल पडलेलं. बाईंना बघताच त्याने हातातली सिगारेट कुठे नाहीशी केली ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच्याकडे स्कूलची एक पांढरी गाडी विकायला होती. छतावर पाटीची चार भोकं बुजवलेली, दारांवर खरवडून काढलेल्या पिवळ्या अक्षरांच्या खुणा. आणि शेजारच्या सीटखाली मास्तरांसाठी जोडलेला दुसरा ब्रेक.

"स्कूलची गाडी कोण घेतं?" बाबा माझ्या कानात म्हणाले. "शेकडो शिकाऊ लोकांनी हाणलेली."

"मोठ्याने बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज जे दिसेल ते दोघांनीही मोठ्याने बोलायचं. मी लिहून घेते."

आधी जरा अवघड गेलं. मग जमलं. गाडी चालू करून बाबा दहा मिनिटं बसले. मी चारही पट्टे शेवटपर्यंत ओढले.

"डावा आरसा चिकटपट्टीवर आहे," मी म्हटलं.

"हॉर्नला सर्दी झालीय," बाबा म्हणाले.

"मागच्या सीटमधला फोम बाहेर आलाय."

"दुसऱ्या गिअरला कुरकुरतेय."

"काच अर्ध्यावर अडकते."

मालकाचा चेहरा उतरत चालला. "बाई, घ्यायची नसेल तर तसं सांगा. एवढं वाईट का बोलताय?"

"पट्टे स्वच्छ आहेत," मी म्हटलं. "सगळे. टोकापर्यंत."

"सीटचे स्क्रू कोरडे," बाबा म्हणाले. "क्लच नवा आहे का?"

"सहा महिन्यांत एकदा बदलतोच. बदलावाच लागतो हो. आणि दर आठवड्याला मेकॅनिक बघतो. शिकाऊ माणूस आत असताना गाडी बंद पडली तर माझा धंदा बसेल."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "बडबडी आहे. पण खोटं बोलत नाही."

आकडा विचारायला मोठ्या बाईच पुढे झाल्या. मालकाने सांगितला. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने दुसरा सांगितला. तो आमच्यात बसत होता.

"तो दुसरा ब्रेक काढून देतो," मालक म्हणाला.

"घाई नाही," मी आणि बाबा एकदमच म्हणालो.

ते मात्र चुकलं. सोमवारी बाबा पहिला दिवस म्हणून शेजारी बसले आणि कुत्रं दिसलं की ब्रेक, सायकल दिसली की ब्रेक, एकदा तर फुग्याचं चित्र असलेल्या पाटीला ब्रेक. प्रयोगशाळेत मी नऊ मिनिटं उशिरा पोचले, मान आखडलेली. उतरताना मी म्हटलं, "उद्या तुम्ही येऊ नका बाबा."

आधी असं बोलायला मी आठवडा घेतला असता. बाबा म्हणाले, "मी विचारच करत होतो, कधी सांगतेयस."

गुरुवारी दुपारी अडीचला पाळणाघराचा फोन आला. "ताप आहे. शंभराच्या वर. येताय ना?"

बाटल्या तशाच ठेवून मी खाली धावले. चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. दुसऱ्या गिअरला कुरकुरली आणि निघाली. पुलावर मी आरशात तीन वेळा मागची रिकामी खुर्ची बघितली. बावीस मिनिटांत मी पाळणाघराच्या फाटकात होते. ठमी ताईंच्या खांद्यावर, गाल लाल, केसांत केळं.

डॉक्टर म्हणाले, दात येतोय, शिवाय थोडी सर्दी. औषध द्या, झोपू द्या. मी तिला मागच्या खुर्चीत बांधलं. ती लगेच झोपली. मग मी पुढे बसले, पण चावी फिरवली नाही. फोन घेतला.

"कशी आहेस?" बाबा म्हणाले.

मजेत, हा शब्द जिभेच्या टोकावर होता.

"ठमीला ताप आहे. दाताचा आहे म्हणतात. पण मी खूप घाबरले होते बाबा. अजून घाबरलेली आहे."

ते म्हणाले, "मी येऊ?"

"मी घ्यायला येते तुम्हाला. गाडी आहे."

बाबा कोपऱ्यावर उभे होते, हातात पिशवी. पण गाडी थांबली तरी ते दार उघडेनात. काचेतून आत वाकून त्यांनी ठमीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरले.

"बसा ना."

"मला कालपासून कणकण आहे," ते म्हणाले. "खोकलाही आहे. तिला लागेल. म्हणून सांगतोय. नाहीतर सांगितलं नसतं."

"आईला माहितीये?"

"नाही."

"पुढे बसा. काच उघडी ठेवू, अर्धी तर अर्धी. आधी तुम्हाला डॉक्टरकडे नेते. आणि आईला मी सांगणार आहे."

बाबा पुढे बसले, पट्टा लावला आणि बराच विचार करून म्हणाले, "सांग. पण मी घरी पोचायच्या आधी सांग. म्हणजे मी जाईपर्यंत तिचं बोलून होईल."